सव्वा वाटी बी

केदारखेड्याच्या त्या घरात मिरचीचे बी चतुराबाईंनी धरले. चतुराबाईंनी ते सून कौतिकाबाईंच्या हाती दिले, कौतिकाबाईंनी दैवशालाबाईंच्या आणि दैवशालाबाईंनी नंदाबाईंच्या. सातबारा पुरुषांच्या नावे असे. बियाचा तुंबा मात्र सासूकडून सुनेकडे चालत आला. चाळलेल्या राखेत बी घोळायचे, वाळलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात भरायचे आणि तोंड शेणाने लिंपायचे, ही रीत कोणी मोडली नाही. मिरची आखूड, काळपट लाल, देठाशी सुरकुतलेली. तिचा ठेचा एकदा खाल्लेला सोयरा पुढच्या खेपेला चहाच्या आधी ठेचा मागे.

कौतिकाबाईंपासून पुढे तुंब्याबरोबर प्रत्येक सासूने सुनेच्या कानात एक गोष्टही घातली होती. बहात्तरच्या दुष्काळात घरातले बी संपले, तेव्हा कौतिकाबाई भर दुपारी, गल्ली सुनी पाहून, पदराआड भांडे घेऊन भीमनगरात गिरिजाबाईंच्या दारी गेल्या होत्या. गिरिजाबाई याच घरच्या शेतात मिरची तोडायला येत आणि मजुरीत मिळालेल्या मिरच्यांचे बी जपून ठेवत. त्यांनी आपल्या पितळी वाटीने वाटीभर बी मोजून दिले. उसने बी सवाईने फेडायचे, तेही बियानेच, ही गावाची रीत. पुढच्या साली पीक उदंड आले. पण सव्वा वाटी परत न्यायची, तर साऱ्या गावाला कळणार की या नावाजलेल्या घराचे बी कोणाच्या अंगणातून आले. कौतिकाबाई म्हणाल्या, पुढच्या साली. दैवशालाबाईही तेच म्हणाल्या. नंदाबाईंनी तर तसे म्हणण्यात चाळीस वर्षे घालवली.

तीन वर्षांपूर्वी एका परदेशी बियाणे कंपनीचा गोरा साहेब गावातली शेडनेट पाहायला आला आणि जेवायला नंदाबाईंकडे थांबला. ठेच्याने त्याच्या डोळ्यांना धारा लागल्या, तरी त्याने पुन्हा मागितला. नंदाबाईंना धन्य वाटले. आलेला पाहुणा रिकाम्या हाताने उंबरा ओलांडत नसतो. त्यांनी नव्या रुमालात पिकलेल्या अकरा मिरच्या बांधून दिल्या. कोणाला बी द्यायचे तर वाटीने मोजून द्यायचे. मिरच्या दिल्या म्हणजे बी दिले, असे त्या घराने कधी धरलेच नव्हते.

यंदा मुलगा भागवत याने शेडनेटमध्ये त्याच कंपनीचा संकरित मिरचीच्या बियाण्याचा प्लॉट घेतला. नराची रोपे वेगळी, मादीची वेगळी. फुलाफुलाला हाताने पराग लावायचा आणि निघालेले सगळे बी कंपनीला द्यायचे, दाणासुद्धा घरी ठेवायचा नाही. फळ धरल्यावर नंदाबाई नेटमध्ये गेल्या आणि नराच्या ओळीपाशी थबकल्या. त्यांनी एक मिरची उलटी धरून देठ पाहिला.

"भागवता, ही आपली मिरची हाय."

"आई, त्यो नर हाय. कंपनीची रोपं हायेत. नंबर हाय त्याला."

"नंबर त्यांचा असंल. सुरकुती आपली हाय."

कंपनीचा सुमित नावाचा तरुण अधिकारी दर आठवड्याला मोटारसायकलवर येई. त्याने अदबीने ऐकून घेतले. "असेलही, आजी. मला तर कागदावर नंबरच दिसतो." मग त्याची नजर परसातल्या घरच्या मिरचीच्या अकरा झाडांवर गेली आणि तो अवघडला. "ही मात्र ठेवता येणार नाहीत. चारशे मीटरच्या आत दुसरी मिरची नको. पराग मिसळला तर प्लॉट रिजेक्ट होतो."

"दुसरी कोन्ती म्हनता? ही का ती?"

आठ दिवसांची मुदत देऊन सुमित गेला.

संध्याकाळी नववीतली नात अर्पिता ओसरीवर इतिहासाचा धडा मोठ्याने वाचत होती. पोर्तुगीज गलबतांतून आले, मिरची त्यांनीच आणली, राजांनी त्यांना वखारीला जागा दिली. मागून डच आले, इंग्रज आले, फ्रेंच आले.

भागवत हसला. "ऐकलं का आई? मिरची त्यांचीच व्हती. गेली माघारी म्हन."

"त्यांची बी नव्हती, पप्पा," अर्पिता म्हणाली. "त्यांनी ती तिसऱ्याच मुलखातून आणल्ती."

नंदाबाईंनी विचारले, "आन् ज्या राजानं जागा दिली, त्याला तेव्हा काय वाटलं असंल गं?"

"ते पुस्तकात न्हाई, आज्जी."

"मी सांगते. पाहुना हाय, असं वाटलं असंल."

भागवतचे हसू मावळले. तो आईजवळ उकिडवा बसला. "आई, तू न्हाई म्हनलीस तर मी झाडांना हात लावनार न्हाई. पन बारा घरांचे नेट हायेत. आपल्यापायी त्यांचे बी प्लॉट गेले तर मी कोन्या तोंडानं गावात फिरू?"

त्या घरात नंदाबाईंचा शब्द कोणी खाली पडू दिला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्यांनी दुसऱ्या कोणाला झाडांजवळ येऊ दिले नाही. अकराही झाडे स्वतःच्या हाताने उपटली आणि मुळांची माती झटकून बांधावर ओळीने निजवली.

उरला तुंबा. कंपनीचा करार पाच वर्षांचा होता आणि मिरचीचे बी दोन-तीन वर्षांपलीकडे उगवत नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होते.

सकाळी नऊला, एसटीची वाट पाहणारी माणसे थांब्यावर असताना, नंदाबाई तुंबा डोईवर घेऊन निघाल्या. "काकू, तुंबा कुठं निघाला?" कोणीतरी विचारले. "भीमनगरात. गिरिजाबाईंचं बी द्यायचं राह्यलंय," त्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या.

गिरिजाबाईंचा मुलगा पुंजाराम आता सत्तरी ओलांडलेला. तो खाट सोडून उठला.

"पुंजारामभाऊ, तुमच्या मायची ती पितळी वाटी हाय का?"

त्याने काहीही न विचारता आतून वाटी आणली. "माय जाताना म्हनल्ती, त्या घराकडं येनं हाय. मागू नको, येतील."

"लई उशीर केला आमी."

नंदाबाईंनी तुंब्याचे तोंड फोडले, राख पाखडली, वाटी काठोकाठ भरून त्याच्या उपरण्यात ओतली. मग पुन्हा भरू लागल्या.

"वहिनी, मह्याकडं नदीपल्याडचा एकच तुकडा राह्यला," पुंजाराम हळूच म्हणाला. "महा पोरगा प्रितम म्हनून राह्यला, त्यो तुकडा बी नेटला देऊ. त्यो जालन्यात मास्तर हाय, त्याला शेती करनं जमत न्हाई. हे बी मी लावीन कुठं?"

नंदाबाई म्हणाल्या, "ते मी कसं सांगू? बी तुमचं हाय."

त्यांनी तुंबा उलटा करून तळाशी दोनदा चापट मारली. शेवटचे दाणे पडले, त्यामागून नुसती राख. पुंजारामने बोटाने वाटीतले बी सारखे केले आणि पाव वाटीच्या खुणेशी डोळा लावून पाहिले.

"बराबर हाय," तो म्हणाला. "फिटलं."