कुठं कुठं रडलीस?

मुकुंदराव पाटोदकरांना सिनेमातलं काही कळत नव्हतं असं म्हटलं तर अन्याय होईल. कळत होतं, पण निम्मंच. उरलेलं निम्मं त्यांच्या बायकोला कळायचं आणि नाव मात्र यांचं व्हायचं.

बत्तीस वर्षं त्यांनी शहरातल्या एका दैनिकात दर शनिवारी सिनेमाचं परीक्षण लिहिलं. खाली नुसतं 'मु. पा.' कलेक्टर कचेरीतली नोकरी सांभाळून केलेला हा उद्योग, पण दरारा असा की थेटरवाले यांना बघून कपाळाला हात लावायचे. त्यातही रडक्या प्रेमपटांचा ते जो समाचार घ्यायचे, तो वाचायला लोक आधी पेपरचं आतलं पान उघडायचे. गुलमंडीतल्या बायकांनी त्यातून आपली वेगळीच वाट काढली होती. मु. पा. नी एकच तारा दिला की सिनेमा चांगला, दोन रुमाल घेऊन निघायचं!

त्यांच्या कामाची रीत मात्र कुणाला ठाऊक नव्हती. ते कालिंदीबाईंना शेजारी बसवून सिनेमा बघायचे. बाई हळव्या. पण नवऱ्याला आपलं रडणं कळू नये म्हणून डोळे भरून आले की त्या आधी हातातल्या बांगड्या वर कोपराकडं सरकवायच्या, म्हणजे डोळे पुसताना त्या वाजायला नकोत. आणि मुकुंदरावांना नेमका तो सरकवण्याचाच आवाज ऐकू यायचा. तेवढ्यासाठी ते अंधारात कान टवकारून बसलेले असायचे, हे त्या माउलीला शेवटपर्यंत कळलं नाही. घरी आल्यावर चहा व्हायचा आणि मुकुंदराव पेनाचं टोपण काढून विचारायचे, "हं, कुठं कुठं रडलीस?"

"ती गाडी सुटते ना, तिथं थोडंसं."

"आणि विहिरीपाशी?"

"अगबाई, तुम्हाला कसं कळलं?"

झालं. शनिवारी छापून यायचं की गाडी सुटताना दिग्दर्शकाचाही तोल सुटला आहे आणि विहिरीचा प्रसंग म्हणजे प्रेक्षकांच्या डोळ्यांतून पाणी उपसण्याचा खटाटोप आहे. कालिंदीबाई ते वाचायच्या, पेपरची नीट घडी घालायच्या आणि भाजी चिरायला बसायच्या. त्यांना काय वाटत असेल, हा प्रश्न मुकुंदरावांना कधी पडला नाही. हुशार माणसांना असले प्रश्न उशिरा पडतात.

चौदा महिन्यांपूर्वी कालिंदीबाई गेल्या. सकाळी डोकं दुखतंय म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळं आटोपलं. मुलगा अमेय पुण्याला चला म्हणाला, हे गेले नाहीत. शनिवारचं सदर चालू ठेवलं, आणि तिकिटं दोनच काढत राहिले. शेजारी कुणी परकं माणूस येऊन बसावं हे त्यांना सोसवत नव्हतं. मारामारीचे, विनोदी, भुताखेतांचे सिनेमे आले आणि गेले. शेजारची खुर्ची गप्प राहिली. यांनीही काहीबाही लिहिलं आणि पेपरनं ते छापलं.

मग 'उरलेली तू' आला. वेरूळच्या लेण्यांची चित्रं काढायला आलेला एक तरुण, गावातली एक मुलगी, मग पंचवीस वर्षांची ताटातूट आणि शेवटी लेण्यांसमोर तिनं त्याच्या मांडीवर डोकं ठेवून डोळे मिटायचे, असा सगळा मामला. पुण्यामुंबईच्या समीक्षकांनी तो धरून आपटला. एकानं तर तिकिटाबरोबर टॉवेल द्या म्हणून लिहिलं. आणि इकडं जालना रोडच्या मॉलमधल्या थेटरात पाय ठेवायला जागा नव्हती. कन्नडहून, करमाडहून जीप भरभरून बायका येत होत्या, रडून डोळे सुजवून जात होत्या आणि पुढच्या आठवड्यात जावांना घेऊन परत येत होत्या.

पहिल्या शुक्रवारी दुपारच्या खेळाला मुकुंदराव गेले. शेवटी नायिका मेली तेव्हा सगळं थेटर मुसमुसत होतं आणि हे कोरडे ठाक बसले होते. पण त्याच्या बरंच आधी, मध्यंतरापूर्वी, एक अगदी किरकोळ प्रसंग होता. नायक चित्र काढत बसलेला असतो, ती चहा घेऊन येते. तो कप बाजूला ठेवतो, कागद तिच्याकडं फिरवतो आणि विचारतो, "तुला कसं वाटतं?" ती बराच वेळ बघते आणि म्हणते, "हत्तीचा पाय बारीक झालाय." तो खोडरबर घेतो आणि पाय खोडतो. बस, एवढंच. मागं पार्श्वसंगीतसुद्धा नव्हतं.

आणि तिथं त्यांच्या डावीकडच्या खुर्चीत बांगड्या सरकल्या.

मनगटाकडून कोपराकडं, हळूच, चोरून. पाठोपाठ नाक ओढल्याचा बारीक आवाज. त्यांनी हात लांबवून चाचपलं. खुर्ची मिटलेली होती. पलीकडं भिंत होती.

त्या शनिवारी मु. पा. चं परीक्षण आलं नाही. पेपरात पुरवणी बघणाऱ्या राजनंदिनीचा फोन आला. "सर, सगळ्यांनी झोडलाय, आता तुमचीच वाट बघतोय. तुम्ही एक तारा दिला की आपल्याकडं आणखी दोन आठवडे चालेल बघा."

"मला अजून कळला नाही तो," मुकुंदराव म्हणाले.

"'उरलेली तू' कळला नाही? सर, त्यात कळायचं काय आहे?"

त्यांना सिनेमा कळला होता. कळली नव्हती ती कालिंदी. गाडी नाही, पत्र नाही, मरण नाही, हत्तीच्या पायाला कुणी रडतं का? दिवसभर घरात त्यांना सुचेनासं झालं. जिन्यावरून कुणी बाई बांगड्या वाजवत गेली की ते हातातला घास तसाच धरून थांबायचे. ते पुन्हा गेले, मग पुन्हा गेले. दर वेळी हत्तीचा पाय आला की बांगड्या सरकायच्या, आणि बाकी पूर्ण सिनेमाभर काही नाही. एकदा मुद्दाम पुढच्या रांगेतल्या दोन खुर्च्या घेतल्या. ती तिथंही आली. भीती वाटत होती, खोटं कशाला बोला. पण त्या भीतीसाठीच ते दुपार व्हायची वाट बघत होते.

चौथ्या आठवड्यातल्या मंगळवारी खेळ सुटला तेव्हा बाहेर सोनिया नावाची एक मुलगी काठीला मोबाइल लावून उभी होती. येणाऱ्याजाणाऱ्याचं मत विचारायचं आणि ते आपल्या चॅनेलवर टाकायचं, हे तिचं काम. तिनं करमाडच्या एका म्हातारीला गाठलं. "मावशी, नाव सांगा. कसा वाटला पिच्चर?"

"भागूबाई. कसा म्हंजी? अर्धा चांगलाय. ती मरती ते काय मला पटलं नाय. धडधाकट बाई, मरायला काय झालंतं तिला? लिवणाऱ्याला म्होरं काय सुचलं नसंल, टाकली मारून. पण ते हत्तीचं लई ब्येस. माह्या मालकानं चाळीस वर्षांत भाजीला मीठ कमी हाय का जास्त हाय तेवढं सांगितलं. तुला कसं वाटतं, असं इचारलं नाय कधी. मी तर तिथंच रडून घेतलं. मंग मेल्यावर कशाला रडू?"

भोवतालच्या बायका हसल्या. सोनियानं मोबाइल मुकुंदरावांकडं वळवला. "काका, तुम्हाला कसा वाटला?"

बत्तीस वर्षं मतं देत आलेला माणूस त्या मोबाइलला वळसा घालून निघाला. ते तसेच रिक्षात बसले.

क्रांती चौकापर्यंत येता येता त्यांना एक जुनी संध्याकाळ आठवली. साल आठवेना, सिनेमाही आठवेना. दोघं चालत घरी येत होते आणि कालिंदी आपणहून म्हणाली होती, "त्या पोरीनं परत जायला नको होतं. मला वाटतं..." आणि हे म्हणाले होते, "थांब थांब, ते राहू दे. आधी कुठं रडलीस ते सांग, नाहीतर विसरशील." तिनं निमूटपणे सांगितलं होतं. मोजून तीन ठिकाणं.

तिचं ते वाक्य कधी पुरं झालंच नाही. तिला काय वाटलं होतं? रस्त्यावरची कुणीही पोर कुणालाही विचारते तो प्रश्न यांनी घरच्या माणसाला एकदाही विचारला नव्हता. तिच्या डोळ्यांतलं पाणी तेवढं नेलं आणि त्यावर आपली अक्कल पाजळली. रिक्षात बसल्या बसल्या मुकुंदरावांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी तोंडावर रुमाल धरला.

शुक्रवारपासून 'उरलेली तू' उतरणार होता. गुरुवारी दुपारचा शेवटचा खेळ. पुन्हा असा सिनेमा कधी येईल, आणि आला तरी ती येईल का, कुणी सांगावं? त्या दिवशी सकाळीच राजनंदिनीला त्यांनी आपणहून फोन केला. "उद्या परीक्षण देतो."

"सर, उद्या तर सिनेमाच जातोय!"

"म्हणून तर," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

दुपारी थेटरात मोजकी माणसं होती. मुकुंदराव भिंतीकडची खुर्ची सोडून बसले. पडद्यावर ती चहा घेऊन आली, त्यानं कप बाजूला ठेवला, कागद फिरवला. डावीकडं बांगड्या सरकल्या.

"कालिंदी," मुकुंदराव म्हणाले. आवाज त्यांना वाटला होता त्याहून मोठा निघाला. "तुला कसा वाटला ग?"

पुढच्या रांगेतून कुणीतरी "श्श" केलं. शेजारून नेहमीसारखा नाक ओढल्याचा आवाज आला नाही. रडायला लागलेलं माणूस दचकून थांबावं तशी शांतता पसरली, आणि कुणीतरी आपल्याकडं वळून बघतंय असं मुकुंदरावांना स्पष्ट जाणवलं. त्यांनी मान वळवली नाही. वळवली असती तर मिटलेली खुर्ची दिसली असती, आणि मग उत्तर कुणी दिलं असतं?

त्यांनी खिशातलं पेन काढलं नाही. कुठं, किती, काही विचारलं नाही. नुसते थांबले. पडद्यावर मध्यंतर झालं, पंचवीस वर्षं गेली, नायिका मेली, लोक रडले, नाकं पुसत उठले. दिवे लागले. मुकुंदराव समोर बघत बसून राहिले.

केर काढायला आवडाबाई आली. तिनं मागच्या रांगा झाडल्या आणि यांच्यापाशी येऊन थांबली. "बाबा, संपला पिच्चर. उठा आता, झाडायचंय मला."

"पाच मिनिटं द्या."

"कुणाची वाट बघून ऱ्हायले? बाई भायेर गेल्यात व्हय?"

"नाही, इथंच आहे." मुकुंदरावांनी आवाज खाली आणला. "आत्ताच विचारलंय तिला. कुणी कधी विचारलं नव्हतं हो, त्यामुळं सवय नाही. वेळ लागतोय."