मातार मागायची संध्याकाळ

मेनाशेचा हात टेबलावर उचललेला होता, पण खाली येत नव्हता. सूर्य मावळून हेश्वान महिन्याची सातवी तिथी लागली होती आणि आम्ही तेवीस पुरुष गावच्या सिनेगॉगमध्ये, आमच्या ज्यू प्रार्थनाघरात, त्या हाताकडे बघत उभे होतो. सव्वीस वर्षं तो इथला कारभारी आहे. या संध्याकाळपासून काही दिवस त्याने टेबलावर थाप मारून ‘ताल उ-मातार’, म्हणजे दव आणि पाऊस, अशी आठवण करून द्यायची. मग आम्ही आपापल्या पुटपुटत्या प्रार्थनेत ते मागायला लागतो. उन्हाळाभर जिभेला त्याची सवय नसते. जो विसरेल त्याला सगळी प्रार्थना पहिल्यापासून म्हणावी लागते.

मला घाई होती. मी कोरड्या मातीत गहू पेरून बसलो होतो आणि कबुतरं रोज हक्काने जेवून जात होती.

“हाखाम,” मेनाशे मध्येच म्हणाला, “मातार म्हणजे नक्की काय हो?”

हाखाम एझ्रा आमचे धर्मगुरू, वय ऐंशीच्या पुढे. त्यांना असले प्रश्न आवडतात. ते म्हणाले, साधा पाऊस म्हणजे गेशेम. मातार म्हणजे वरून धाडलेला. रानात आपल्या उपाशी पूर्वजांवर आकाशातून भाकरी पडली आणि पापी सदोम शहरावर आग पडली, दोन्हीकडे तोराने, आपल्या धर्मग्रंथाने, शब्द हाच वापरलाय. धाडणारा आहे, म्हणून मागायचं.

“आणि यात्रेचा सण संपल्यावर मागायला पंधरा दिवस थांबायचं कशाला?”

हे तर शेंबड्या पोरालाही माहीत असतं. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा लोक सणाला पायी यायचे. सर्वांत लांबचा यात्रेकरू युफ्रेटिस नदीकाठचा. तो घरी पोचेपर्यंत वाटेत भिजू नये म्हणून तोवर कुणी पाऊस मागायचा नाही. हाखामांनी तेही सांगितलं, पण आता सावकाश, कारण प्रश्न कुठे चाललाय हे त्यांच्याही लक्षात आलं होतं.

“सोळाव्या दिवशीही कुणी वाटेतच असला तर?”

मेनाशेचा मुलगा गावरिएल सक्तीची सैन्यातली नोकरी संपवून दक्षिण अमेरिकेत भटकायला गेला. सगळीच पोरं जातात. पावसाने बस बंद झाली आहे, उद्या डोंगरातून चालत निघतो, एवढा निरोप आला. त्याला आता अकरा महिने झाले. शोधणारे दोनदा जाऊन हात हलवत परत आले. देह नाही, साक्षीदार नाही, म्हणून घरात सुतकाचे सात दिवसही बसता येत नाहीत. मेनाशे रोज गावचे पंप दुरुस्त करतो, नळ्यांमधली माती काढतो. विचारलं तर “चाललंय” म्हणतो. तो रडत नाही, चिडत नाही, आणि तेच मला बघवत नाही.

हाखामांनी दाढीवरून हात फिरवला. “त्यांनी माणूस मोजला नाही रे, दिवस मोजले. सोळाव्या दिवशीचा भिजतच गेला असेल.”

मला त्यांचा भयंकर राग आला. आणि तरी माझ्या डोक्यातून गहू काही जाईना. इतका क्षुद्र मी स्वतःला कधीच वाटलो नव्हतो.

मेनाशेने मान डोलावली. “इथल्या पावसाने तिथे कुणी भिजत नाही, कळतं मला. डोकं ठिकाणावर आहे माझं,” असं म्हणून त्याने टेबलावर थाप मारली. “ताल उ-मातार.”

आम्ही जेरुसलेमकडे तोंड करून उभे राहिलो. मी मागितलं, चांगलं पोटतिडकीने मागितलं. संपवून तीन पावलं मागे आलो, सगळेच आले. मेनाशेही आला. मग तो पुन्हा तीन पावलं पुढे गेला आणि पहिल्यापासून म्हणू लागला.

त्याची जागा माझ्या शेजारी आहे. दुसऱ्या खेपेला त्याने ते शब्द म्हटले, मी ऐकले. पहिल्या खेपेला तिथे तो नुसताच थांबला होता.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. टेबलावरची थाप वेळेवर, शब्द स्वच्छ, आणि मग स्वतःची प्रार्थना दोनदा: एकदा पाऊस न मागता, एकदा आमच्यासाठी मागून. चौथ्या दिवशी सकाळपासून पाऊस लागला. संध्याकाळी ओल्या बुटांनी सगळे आले. मेनाशेने तीन पावलं मागे घेतली तेव्हा हाखाम त्याच्याजवळ गेले. पुन्हा म्हणायची सोय विसरणाऱ्यासाठी; मुद्दाम गाळलं तर नियम काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मला वाटलं, आता बोलणार.

“विसरलास?” त्यांनी विचारलं.

“विसरलो, हाखाम.”

“मग पुन्हा म्हण,” हाखाम म्हणाले आणि बाकावर बसले. आम्हीही बसलो. बाहेर माझा गहू भिजत होता. मेनाशेचं होईपर्यंत कुणीही घरी गेलं नाही.