लाल गोळी, काळा काढा

रक्त ९.१

अहमदपूरच्या मोंढ्यामागचं मंगल कार्यालय. चपला ठेवायला जागा नव्हती. स्टेजवर काढेवाले महाराज, पुढ्यात स्टीलच्या परातीत तांबूस काढा. पाचव्या महिन्यातल्या मंजुश्रीच्या तळहाताला त्यांनी अंगारा चोळला, हात परातीत बुडवला. काढा काळाकुट्ट.

"शिसं! बोअरच्या पाण्यातलं. बाभळीची साल, हिरडा आन् आमची कृपा. तिन्ही मिळून खेचतेत."

सभागृहानं हात जोडले. सासूनं, जगदेवीनं, सगळ्यांच्या आधी.

रक्त ८.०

जगदेवी वाईट नव्हती. नर्सबाई म्हणाल्या रक्तवाढीची लाल गोळी, महाराज म्हणाले विष उतरवायचा काढा.

"दोन्हीबी घे सूनबाई. कुणाचाच शब्द मोडायचा न्हाई."

म्हणून गोळी काढ्याबरोबरच गिळायची. पेला रिकामा होईस्तोवर सासू दारात उभी. मंजुश्रीला चार पायऱ्या चढलं तरी धाप लागे. महाराजांच्या परातीत हात बुडवला, काढा पुन्हा काळा.

"अजून हाय विष. काढा दुप्पट करा."

रक्त कमी म्हणून काढा जास्त. काढा जास्त, रक्त आणखी कमी. यातून बाहेर पडायचं दार कुठं, तिला दिसेना.

रक्त ७.२

"सातच्या खाली गेलं तर लातूरला रक्त चढवावं लागंल," नर्स शिवगंगाबाई म्हणाल्या. "गोळ्या घेऊन राहिलीस का?"

"हाव."

"खरं सांग."

खरं सांगूनही कुणाला पटेना.

दुपारी काढ्याबरोबर गोळी गिळताना तिला उमासा आला. दातांत फुटलेली गोळी पेल्यात पडली. काढा काळा झाला.

"बघ," जगदेवी म्हणाली, "तोंडातूनबी निघून राहिलं विष."

आता काहीही झालं तरी ते विषच ठरणार होतं. मंजुश्री भिंत धरून उठली. दुसऱ्या पेल्यात ताजा काढा ओतला. पाकिटातली नवी गोळी बत्त्यानं फोडून त्यात टाकली.

काळा.

"ही तर माझ्या तोंडातबी गेली न्हाई, आत्याबाई."

जगदेवीनं पेला उचलून उजेडात धरला.

सोमवारी स्टेजवर जगदेवीच पुढं गेली. हाताला दर वेळी आधी अंगाराच लागायचा, हे तिला आठवलं होतं. महाराज सुनेचा हात धरायच्या आत तिनं ताटलीतला चिमूटभर अंगारा परातीत टाकला. काढा काळा झाला.

"अंगाऱ्याला कितवा महिना, महाराज?"

मागं कुणीतरी फस्सकन हसलं. महाराज अश्रद्धेवर बोलू लागले, पण माणसं परातीकडं बघत होती.

अंगाऱ्यात हिराकस होतं, म्हणजे लोखंडाचंच मीठ. लोखंड आणि तुरट साल भेटली की शाई होते. आपल्या आजोबांच्या दौतीतली शाई अशीच व्हायची. काढा धातू धरतो, हे खरंच. पण शिसं कुठलं आणि लोखंड कुठलं, हे त्याला कळत नाही. गोळीतलं लोखंड तो पोटातच धरून ठेवी; रक्तापर्यंत पोचूच देत नसे.

आता गोळी लिंबूपाण्याबरोबर. काढा बंद, चहासुद्धा दोन तास लांब. पुढची तपासणी पंधरा दिवसांनी. लातूरला न्यायची पिशवी अजून दाराशी भरून ठेवलेली आहे.

असे धास्तीचे पंधरा दिवस तुमच्या घरात कुणाच्या वाट्याला येऊ नयेत. काळं दिसलं की हात जोडू नका. धुवा, आणि पुन्हा बुडवून बघा.