अकरावं टोपण

रॉकेटच्या टोकावर बसणाऱ्या कवचाचे दोन्ही भाग उपग्रहाभोवती मिटले आणि हॉलमध्ये सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. चिमणीचा मात्र पडला नाही. बारीक हातांमुळे हे नाव तिला मामांनी दिलं होतं. ते तिचे सख्खे मामा नव्हते, सगळ्या कारखान्याचेच मामा. पण नऊ वर्षांपूर्वी पाना कसा धरायचा हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

तिच्यासमोर लाल टोपणांचा ट्रे होता. उपग्रहाच्या भिंगांवर घातलेली ही टोपणं कवच मिटायच्या आत न चुकता काढायची असतात. हवी होती अकरा, भरली दहा.

तिनं विचारलं तसे मामा चिडले. अकरावं टोपण फाटलं होतं, काल आपण स्वतः काढून टाकून दिलं, म्हणाले. यादीवर त्यांची सही होती, आणि मामांची सही म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. पण टोपण राहिलं असेल तर उपग्रहाचा तो डोळा वर जाऊन आंधळाच राहणार. तासाभरात कवच उचलून रॉकेटवर चढवायला क्रेन लागणार होती. शेवटी ती प्रमुखबाईंकडे गेलीच.

कवचाची झडप उघडायची तर उड्डाण दोन दिवस पुढे जाणार होतं.

"टोपण आत राहिलेलं तू पाहिलंस?" बाईंनी विचारलं.

"नाही. निघालेलंही पाहिलं नाही."

बाईंनी उड्डाण पुढे ढकललं.

झडप उघडली. जेमतेम हात जाईल एवढी जागा. चिमणीनं खांद्यापर्यंत हात घातला आणि चाचपत राहिली. घाम मास्कमध्ये उतरत होता. बोटांना भिंगाची कड लागली, आणि तिच्यावर रबर. इथे निसटलं तर थेट तळाशी. मग सगळंच उघडावं लागलं असतं. श्वास रोखून तिनं ते दोन बोटांनी ओढलं. हात बाहेर आला तेव्हा टोपण मुठीत होतं, अख्खं.

मामांनी पेन मागितलं, सहीवर काट मारली आणि खाली लिहिलं, 'चूक माझी.'

कपडे बदलायच्या खोलीत ते म्हणाले, "चार महिने झाले, उजव्या डोळ्यानं धूसर दिसतं. काल टाकलं ते टोपण नव्हतं, नुसती पिशवी असणार."

काम जाईल म्हणून त्यांनी घरीही सांगितलं नव्हतं.

उपग्रह दोन दिवस उशिरानं गेला आणि त्याला सगळं स्वच्छ दिसलं. मामांचं तपासणीचं काम सुटलं. मामी महिनाभर चिमणीशी बोलल्या नाहीत. मामांनी मात्र, डोळ्याच्या डॉक्टरांकडे सोबत कोण येणार असा प्रश्न आला तेव्हा, पहिला फोन तिलाच केला.