तारखेचा रकाना आणि सत्ताविसावे पिंप

मी एक जुना रकाना आहे, मित्रांनो. कॉम्प्युटरवरच्या तक्त्यातला, तारीख लिहायचा. मला नाक नाही, कान नाहीत, पण संशय मात्र पोतेभर आहे.

शाळेच्या फॉर्मवर तुम्ही जन्मतारीख भरता ना, तो माझा चुलतभाऊ. माझे बिऱ्हाड जपानमधल्या एका डोंगराळ गावात, नेझूंच्या मिसोच्या, म्हणजे सूपात घालायच्या खारट आंबवलेल्या लगद्याच्या, कारखान्यात आहे. सोयाबीन शिजवायचे, कुटायचे, त्यात मीठ आणि बुरशी धरवलेला तांदूळ कालवायचा, मोठ्या लाकडी पिंपात दाबून भरायचे आणि वर दगड ठेवून तीन वर्षे मुरू द्यायचे, असा इथला धंदा. कुठले पिंप कधी भरले हेच चुकले तर पुढचे सगळे चुकते. म्हणून माझा जन्म झाला.

मला घडवले कचेरीतल्या शिहोने, हेइसेइ एकतीसच्या फेब्रुवारीत. इथे वर्षे मोजायच्या दोन रीती आहेत. एक जगाची, दोन हजार एकोणीस वगैरे. दुसरी घरची. सम्राट बदलला की नवे नाव आणि पुन्हा पहिल्यापासून मोजणी. रोजच्या लिहिण्यात लोकांच्या हाताला घरचीच रीत येते. माझ्या डोक्यात मात्र जगाचीच भरलेली.

शिहोने मला दोन नियम घालून दिले. सन दोन हजारच्या आधीची तारीख घ्यायची नाही आणि उद्याची घ्यायची नाही. मग तिने मला नटवले. "एवढ्याशा जागेत वर्ष कशाला? गर्दी दिसते," असे म्हणून तिने माझे वर्ष झाकले. वरून दिसणार फक्त महिना आणि दिवस. मी आरशासमोरून हलेना!

पहिल्याच आठवड्यात कुणीतरी माझ्यात घरच्या रीतीने ३१/२/४ लिहिले. मी ते एकोणीसशे एकतीस असे वाचले आणि लाल पट्टी दाखवून परत पाठवले. थोरले मालक तेव्हा हयात होते. ते खो खो हसले. "अरे, हा तर पोलीस आहे पोलीस!" तेव्हापासून माझी मान जी ताठ झाली, ती झालीच.

त्याच वर्षी मे महिन्यात हेइसेइ संपून रेइवा सुरू झाले. गावाने कॅलेंडरे बदलली, टपालाचे शिक्के बदलले. माझे नियम बदलायचे कुणाच्या ध्यानात आले नाही, आणि मीही विचारले नाही.

पिंपे भरायच्या तोकुए-सान. 'सान' म्हणजे इथले 'राव' किंवा 'बाई'. एकतीस वर्षे त्यांनी हेच काम केलेले. थंडीत पिंप भरून झाले की त्या हात पुसत कचेरीत यायच्या आणि एका बोटाने लिहायच्या, 'कडक थंडी लागल्याच्या दुसऱ्या दिवशी.' मी नकार द्यायचो. मग आकडे लिहायच्या, पण मध्ये टिंबे देऊन. पुन्हा नकार. मला वाटे, ज्या माणसाला साधी तारीख सरळ सांगता येत नाही, तो नक्की काहीतरी लपवतो.

"शिहो, हा तुझा रकाना आहे की माझी सासू?" त्या करवादायच्या. "बरोबर लिहिलं तरी नाक मुरडतो मेला."

चौथ्या खेपेला पूर्ण वर्ष लिहिले की मी त्यांना आत घ्यायचो. तेही नाराजीनेच.

रेइवा सहाच्या हिवाळ्यात त्यांनी हात टेकले. "पोरी, तूच लिही बाई. पिंपांच्या पाट्यांवर सगळं आहे," म्हणाल्या आणि निघून गेल्या. सत्तावीस, अठ्ठावीस आणि एकोणतीस नंबरच्या पाट्यांवर वर्ष, महिना, दिवस असे तीनच आकडे होते, ६, २, १०. शिहोची बोटे चपळ. तिने टिंबांऐवजी तिरप्या रेघा दिल्या, ६/२/१०.

तिसाच्या आतला आकडा मी या शतकातला धरतो, म्हणून मी वाचले दोन हजार सहा, फेब्रुवारी दहा. दोन हजारच्या नंतरची आहे? आहे. उद्याची नाही? नाही. या, बसा! शिहोवर संशय घ्यायचे माझ्या मनातही आले नाही. बाहेर मी १० फेब्रुवारी दाखवले आणि अठरा वर्षांपूर्वीचे साल आत ठेवून घेतले. पोटात एक आणि ओठांत एक, असे माझे झाले.

एप्रिलमध्ये धाकटे नेझू-सान यादी घेऊन बसले. वडिलांच्या मागे शहरातली नोकरी सोडून त्यांनी कारखाना हाती घेतला होता. कोठारात ते क्वचितच जात. त्यांच्या यादीत माझ्याकडच्या तारखेवरून प्रत्येक पिंपाचे वय आपोआप निघते. तीन पिंपांपुढे अठरा वर्षे असे आले. त्यांनी सत्तावीसमधले वाटीभर मिसो मागवले. एवढे जुने मिसो काळेकुट्ट असायला हवे. वाटीतले होते पुरणासारखे पिवळे.

त्यांनी तोकुए-सानना बोलावले.

"अठरा वर्षांचं मिसो असं दिसतं?"

"अठरा? मालक, हे दोन महिन्यांचं पोर आहे. याच फेब्रुवारीत भरलंय मी."

"मग यादी खोटं बोलते?"

"यादीचं तुम्ही बघा. माझे हात खोटं बोलत नाहीत."

"शिहो-सान, तारीख कुठून घेतली?"

शिहोने मान खाली घातली. "यांच्या पाटीवरून. जशीच्या तशी." आणि ते खरेच होते.

"म्हणजे पाटीच खोटी," नेझू-सान म्हणाले. "ताजं भरायचं आणि जुनं म्हणून खपवायचं. बाबांच्या डोळ्यांदेखत किती वर्षं चाललं होतं हे?"

तोकुए-सान काहीतरी बोलणार होत्या, पण मालकांनी हात पुढे केला होता. कमरेची कोठाराची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली. त्याच संध्याकाळी सत्तावीस नंबरचे पिंप मागच्या शेतात रिकामे झाले. उरलेली दोन सकाळी जायची होती. पाटी बघायला कोठारापर्यंत चार पावले जावे, असे कुणाला वाटले नाही. यादी समोर होती ना!

मित्रांनो, मी समजलेले साल माझ्या पोटात होते. पण रकान्याला कुणी विचारल्याशिवाय बोलता येत नाही.

सकाळी तोकुए-सान अंगात कोट घालून कचेरीत आल्या. हातात अठ्ठाविसाची पाटी होती.

"मला एकदा लिहू दे, शिहो. तू लिहिलंस तसंच."

"आता लिहून काय होणार?" नेझू-सान खिडकीपाशी उभे राहूनच म्हणाले.

"काही नाही. सासूचा निरोप घेते."

शिहो खुर्चीवरून उठली. तोकुए-सानने एका बोटाने आकडे दाबले. सहा, तिरपी रेघ, दोन, तिरपी रेघ, दहा. मी मुकाट्याने घेतले. लाल पट्टी नाही, आवाज नाही. त्यांचे बोट तिथेच अडून राहिले.

"घेतलं याने?"

"घेतलं की."

"एका झटक्यात?" त्या माझ्याकडे अशा बघू लागल्या, की मला लपायला जागा मिळेना. "इतके हिवाळे यानं मला उंबऱ्यावर उभं केलं. खरं बोलले तरी तीन-तीनदा हाकललं. आणि आज पहिल्या हाकेला दार उघडतो? यात काहीतरी काळंबेरं आहे, पोरी. विचार त्याला, कुठलं साल समजलास म्हणून."

शिहोने मला निवडले आणि वरच्या लांब पट्टीकडे पाहिले. तिथे मला काही झाकता येत नाही. दोन हजार सहा.

"अगं बाई," ती हळूच म्हणाली. "वर्ष मीच झाकलं होतं."

नेझू-सान खिडकीपासून जवळ आले. पडद्यावरचे साल त्यांनी वाचले, मग पाटीवरचा सहा पाहिला, मग भिंतीवरचे कॅलेंडर. रेइवा सहा. पुढच्या क्षणी ते घरातल्या सपाता पायात तशाच ठेवून चिखलातून धावत सुटले, "थांबा! थांबा!" असे ओरडत. अठ्ठावीस नंबरवरचे दगड तेवढे उतरले होते.

परत आल्यावर त्यांनी किल्ली दोन्ही हातांत धरली आणि तोकुए-सानपुढे कमरेत वाकले. बराच वेळ त्यांनी मान वर केली नाही.

"उठा आता, पाठ धरेल," तोकुए-सान म्हणाल्या. त्यांचा आवाज अजून कडकच होता. "यापुढे माझ्यावर संशय आला तर खुशाल घ्या. पण आधी कोठारात येऊन पिंपाचा वास घ्या. तुमचे वडील घ्यायचे." त्यांनी किल्ली घेतली, कोट काढला आणि कामाला लागल्या.

शिहोने त्या दिवशी मला नव्याने घडवले. आता माझे वर्ष पूर्ण दिसते. सम्राटाच्या काळाचे नाव आधी निवडावे लागते. तारीख एका वर्षाहून जुनी असेल तर मी विचारतो, "नक्की?" शिहोलाही विचारतो आणि मालकांनाही. नकार द्यायचा झाला तर कसे लिहावे याचा नमुनाही दाखवतो.

मित्रांनो, मला माझी लाज वाटते. मी तारखांवर पहारा देतो असे म्हणत होतो, आणि पहारा देत होतो एका म्हातारीवर. तुम्ही कुठेही तारीख लिहाल तेव्हा आम्ही ती घेतली म्हणून लगेच पुढे जाऊ नका. आम्ही काय समजलो ते एकदा वाचा. आणि आम्हाला बनवाल तेव्हा आमचे काही झाकू नका.

सत्ताविसाची ओळ पुसून टाकू का, असे शिहोने विचारले होते. तोकुए-सान नको म्हणाल्या. म्हणून मालकांनी स्वतः माझ्यात तारीख दुरुस्त केली आणि शेजारी लिहिले, 'फेकले. चूक माझी.' तीन वर्षांनी त्या ओळीपुढे आपोआप 'तयार' असे उमटेल. तारीख अगदी बरोबर असेल. उघडायला पिंप नसेल.