उजव्या खांद्यावरचे जानवे

तुकोजीने दारावर पाटी लावली तेव्हापासून राधाकृष्ण मास्तर शाळेला लांबच्या रस्त्याने जाऊ लागले. पाटीवर तमिळमध्ये आणि इंग्रजीत 'फोटोग्राफर' असे लिहिले होते. ती दिसू नये म्हणून मास्तर गावातल्या महामखम तळ्याला वळसा घालत.

तुकोजीच्या आजोबांनी तंजावरच्या दरबारात मानाची चाकरी केली होती. राज्य खालसा झाले, पेन्शन आजोबांबरोबर संपले, आणि नातवाने तांदळाच्या दलालीपासून सायकली दुरुस्त करण्यापर्यंत सगळे करून पाहिले. शेवटी मद्रासहून एक जुना कॅमेरा आणला, आणि तो हाताळायला शिकण्याआधीच पाटी रंगवून घेतली.

मास्तरांचा कॅमेरा त्याहून चांगला होता आणि त्यांच्याकडे कितीतरी वर्षे होता. काचा, रसायने, उजेड यांवरची इंग्रजी पुस्तके वाचून त्यांची पाने सुटी झाली होती. पट्टीश्वरमच्या देवळाचे गोपूर त्यांनी सगळ्या ऋतूंत टिपले होते. माणसाचा फोटो मात्र एकही काढला नव्हता. कुणाला 'हनुवटी जरा वर घ्या' म्हणायचे, तर त्यांचीच मान खाली जाई. शिवाय आपण अजून फोटोग्राफर झालो नाही असे त्यांना मनापासून वाटे. माणूस फोटोग्राफर नेमका केव्हा होतो, हे कुठल्याच पुस्तकात दिलेले नव्हते.

"त्याला आलं तेवढं त्यानं पाटीवर लिहिलं," त्यांची बायको पंकजा म्हणाली. "तुम्हाला येतं ते तुम्ही पेटीत ठेवलंत. लोकांना पेटीतलं कसं दिसावं?"

मास्तरांचे मावसभाऊ व्यंकोबा विठ्ठलमंदिरात भजन करत. त्यांची साठीची शांत ठरली आणि फोटोचे काम तुकोजीला गेले. हे मास्तरांना फार लागले. पण त्यांनी विचारले नाही, व्यंकोबांनीच सांगितले.

"तुला बोलवावं म्हटलं, पण तू आधी विचार करणार. तोवर माझी ऐंशीची शांत यायची."

फोटोच्या वेळी मास्तर खांबाआड उभे राहून पाहत होते. तुकोजीने उजेड नीट पाहिला नाही. कॅमेऱ्याची तिपाई डुगडुगत होती, तिच्याखाली त्याने सुपारीचे खांड सरकवले. आणि सगळा वेळ तो बोलत होता.

"व्यंकोबाअण्णा, विठ्ठलाकडे रोज बघता तसं माझ्याकडे बघा. मीही काळाच आहे."

व्यंकोबा हसले, आणि तेवढ्यात तुकोजीने भिंगावरचे झाकण काढून परत लावले.  मरुदानल्लूरच्या मठात रंगून गाताना व्यंकोबा असे हसत. त्या हसण्याचा फोटो काढावा असे मास्तरांच्या मनात किती दिवस होते.

आठवड्याने तुकोजी फोटो घेऊन आला. घरातली माणसे भोवती जमली. व्यंकोबांच्या पत्नी कामाक्षीबाईंनी तो हातात घेतला आणि लगेच पाटावर पालथा ठेवला.

"जानवं उजव्या खांद्यावर आहे."

 जानवे डाव्या खांद्यावरून असते. उजव्यावर घेतात ते श्राद्धाला, पितरांना पाणी सोडताना. आयुष्य वाढावे म्हणून शांत केली, आणि फोटोतला माणूस तर्पणाला बसलेला.

तुकोजी गोंधळला. त्याच्या घरी जानवे लग्नापुरते घालत. कुठल्या खांद्यावर, हे त्याने कधी पाहिलेच नव्हते. "आरशात उलटं दिसतंच की, वहिनी," तो म्हणाला.

"आरशाला कुणी हार घालत नाही," कामाक्षीबाई म्हणाल्या. "या फोटोची काच फोडून कावेरीत टाक."

मास्तरांना पाहताक्षणी कळले होते. अंधारात चाचपडत तुकोजीने चित्र उमटायची काच कॅमेऱ्यात उलटी बसवली होती, म्हणून डावे ते उजवे झाले. उपाय सोपा होता: छापताना ती काच पुन्हा उलटी ठेवायची. चित्र थोडे मऊ, पुसट येईल, एवढेच. हे एका वाक्यात सांगता आले असते. मास्तरांनी ओठ ओले केले.

"राधाकृष्णा," कामाक्षीबाई म्हणाल्या, "आता तूच काढ. तुझं शास्त्राप्रमाणे असतं."

मास्तर 'बरं' म्हणाले. ते वाक्य आतच राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी व्यंकोबांना अंगणात बसवले. उजेड पारखला, जानवे स्वतः नीट केले, काचेची बाजू दोनदा बोटाने तपासली. 'जरा हसा' एवढे सांगायचे होते, ते फक्त तोंडून निघेना. व्यंकोबा वाट पाहत बसले, मग अवघडले, मग ताठ झाले. मास्तरांनी तेव्हा झाकण काढले.

फोटो अगदी रेखीव आला. भुवईचा केस अन् केस मोजावा. गल्लीतले लोक येऊन पाहून गेले. "हा खरा फोटोग्राफर," कामाक्षीबाईंनी सगळ्यांदेखत सांगितले. ज्या शब्दासाठी मास्तर इतकी वर्षे झुरले, तो असा घरबसल्या मिळाला.

व्यंकोबा एकटेच बराच वेळ फोटो बघत राहिले.

"असा बसलो होतो होय मी?" ते म्हणाले. "जमिनीच्या दाव्यात साक्षीला उभा केल्यासारखा. चांगला आहे हो. अगदी स्वच्छ आहे."

मास्तर तिथून थेट तुकोजीच्या गल्लीत गेले. तुकोजी ओसरीवर काच गरम पाण्यात घालायच्या बेतात होता. तिच्यावरचे चित्र खरवडून ती देवाच्या तसबिरीला बसवणार होता.

"थांब, ती मला दे," मास्तर म्हणाले.

त्यांनी छापायच्या चौकटीत काच उलटी ठेवली, तिच्यावर फोटोचा कागद दाबला आणि चौकट एका खोल पेटीच्या तळाशी ठेवून भर उन्हात नेली. पेटीत ऊन सरळ उतरले की चित्र फार पसरत नाही. तुकोजी बाजूला उकिडवा बसला. कागदावर हळूहळू व्यंकोबा उमटले. जानवे डाव्या खांद्यावर. कडा पुसट होत्या. चेहरा हसत होता.

तुकोजीने कागदावर वाकून पाहिले. मग म्हणाला, "हे तुम्हाला त्या दिवशीच ठाऊक होतं."

"होतं."

"गल्लीत कुणी माझ्याकडे फिरकत नाही, मास्तर."

 मास्तरांनी फोटो रसायनात पक्का करून पाण्यात धुतला, सुकवला आणि स्वतः व्यंकोबांच्या घरी नेला. काच कशी उलटी बसली होती ते सगळ्यांना समजावून सांगितले. त्यांच्या तोंडून एवढे बोलणे त्या घरात कुणी ऐकले नव्हते.

व्यंकोबा फोटोकडे बघून तसेच हसले. कामाक्षीबाईंनी आधी जानवे पाहिले, मग चेहरा, आणि पदर डोळ्यांना लावला. "हाच लावायचा," त्या म्हणाल्या. "कुणाचा म्हणायचा हा? तुझा की त्याचा?"

"तुकोजीचा," मास्तर म्हणाले. "फोटोग्राफर तो. मी फक्त काच फिरवली."

बोलणे खरे होते. फोटो भिंतीवर चढला. मास्तर सर्वांमागून बघत राहिले. फोटोतले व्यंकोबा समोर कुणाकडे तरी बघून हसत होते. लहानपणापासूनच्या ओळखीत व्यंकोबा मास्तरांकडे बघून कितीदा तरी असे हसले असतील. पण त्या वेळी मास्तरांच्या हातात कॅमेरा नव्हता, आणि होता तेव्हा व्यंकोबा हसले नाहीत. पंकजा जेवायला वाट पाहत असेल, असे म्हणून ते चपला शोधू लागले.