पपनसाच्या वासाची बिअर

मानसिंग अमेरिकेहून पंधरा दिवसांसाठी येतोय असं कळलं आणि मी सातू भिजत घातले. पोरगा परदेशातून आला की लोक पुरणपोळीचा बेत करतात. पुरण मला येत नाही. बिअर येते.

पलटणीत मी मेसचा हवालदार होतो. डोंगरातल्या एका छावणीत एक म्हातारा खानसामा साहेब लोकांसाठी घरीच बिअर घालायचा, त्याच्या हाताखाली शिकलो. पेन्शनीत आल्यावर कडेगावजवळच्या आमच्या मळ्यात हौस म्हणून कधीमधी घालायचो. माझ्याकडे परवाना होता तो प्यायचा, घालायचा नव्हता. पण पोलीसपाटील माझा मावसभाऊ, आणि चव बघायला सगळ्यात आधी तोच यायचा.

मानसिंग शेतीचं शिकायला तिकडे गेला तो हॉपच्या मळ्यांतच रमला. हॉप म्हणजे बिअरमध्ये घालायची हिरवी फुलं. आमच्या तासगावच्या द्राक्षांसारखेच ते वेल, पण तारा दुप्पट-तिप्पट उंच. त्याची आई असताना त्यानं एका मित्राबरोबर वाळलेल्या फुलांचे दोन डबे पाठवले होते. दोन्ही जाती नव्या, एक कॅस्केड, दुसरी कॉमेट. मनूनं, म्हणजे माझ्या बायकोनं, डबा उघडून वास घेतला आणि म्हणाली, "पोरगं संत्र्याच्या बागंत ऱ्हातंय जणू." मग दोन्ही डबे बियाण्याच्या मडक्यांमागे गारव्याला ठेवून दिले.

मनू गेल्या पावसाळ्यात गेली. मानसिंगला विमान मिळेपर्यंत राखही सावडून झाली होती, म्हणून तेव्हा तो आलाच नाही. आता येत होता, आणि मला त्याची धास्ती वाटत होती. सरळ सांगतो, बाप-लेक आम्ही कधी एकमेकांशी बोललोच नाही. मी म्हणायचो, "मनू, इचार त्याला, जेवला का." ती स्वयंपाकघरातून म्हणायची, "ह्यांनी इचारलंय, जेवलास का." त्याचं उत्तरही तिच्याच हातून यायचं. आता मधलं माणूसच नव्हतं. मला त्याच्याबरोबर एक संध्याकाळ हवी होती, बस्स. त्यानं पाठवलेल्या फुलांची बिअर मध्ये ठेवली तर त्याला काहीतरी बोलावंच लागेल, असा माझा हिशेब.

सातूला ओल्या पोत्यात मोड आणले, उन्हात वाळवले, तव्यावर बेतानं भाजले. भरडून कोमट पाण्यात ठेवले आणि गोड रस गाळून चुलीवर चढवला. फुलं होती दोन आधणांपुरतीच. पहिल्या आधणात मी दोन्ही जाती सुरुवातीलाच टाकल्या आणि चांगल्या रटरटवल्या. आमच्याकडे औषधी पाला असाच आटवतात, म्हणजे सगळा कस पाण्यात उतरतो. इस्लामपूरच्या बेकरीतून आणलेलं यीस्ट घातलं, बाटल्या भरल्या, बुचं तारेनं आवळली.

पुढे त्यातली पहिली बाटली माझ्या पलटणीतला दोस्त नाथाजी याच्यासमोर फोडली. त्यानं एक घोट घेतला आणि ग्लास माझ्याकडे सरकवला.

"काढा हाय, गड्या," तो म्हणाला. "तापावर उतारा पडंल."

मला राग आला, कारण ते खरं होतं. नुसतं कडूजहर. संत्र्याचा वास चुलीच्या धुराबरोबर गावभर गेला होता, माझ्या वाट्याला कडू तेवढं उरलं.

त्या आठवड्यात एकदा पोहे केले. एकट्याचा स्वयंपाक म्हणजे कढईतच खायचं. पोहे चुलीवर असतानाच लिंबू पिळलं आणि परतत बसलो. खाल्ले तर कडवट. मनू मला ह्यावरून कितीदा बोलली असेल. "आवं, भांडं खाली घ्या, मग पिळा. लिंबू जाळत न्हाईत." फुलंही मी तशीच जाळली होती. बाई जाऊन वर्ष होत आलं तरी मला शिकवतच होती. कढई समोर घेऊन मी रडलो. बघायला कुणी नव्हतं, हे एक बरं.

मग दोन्ही फुलं वेगवेगळ्या पेल्यांत गरम पाण्यात घालून बघितली. एकट्या कॅस्केडचा वास गोड, पण लगेच विरणारा. एकटा कॉमेट रानगट, संत्र्याच्या सालीला तंबाखूची पानं गुंडाळल्यासारखा. दोन वाटे कॅस्केड आणि एक वाटा कॉमेट असं जमवलं तेव्हा पिकलं पपनस सोलल्यागत वास सुटला. उरलेलं आधण तसंच केलं. कडवटपणापुरता चिमूटभर कॉमेट उकळीत टाकला. बाकी सगळं पातेलं खाली उतरवल्यावर टाकून झाकण घातलं.

मानसिंग आला. अंगानं भरला होता, पाया पडला. दोन दिवस गावाला भेटण्यात गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मळ्यात बाजेवर मी बाटली आणि दोन ग्लास ठेवले. बाटली फोडली आणि दोन्ही ग्लासांत ओतली. फेस चांगला धरला. त्यानं ग्लास उचलून नाकाजवळ नेला आणि डोळे मिटले.

"कॅस्केड हाय, आबा. आन् जरा कॉमेट बी."

"उतरवल्यावर टाकलाय."

"तिकडं बी वासासाठी शेवटालाच टाकत्यात. तुमास्नी कुणी सांगितलं?"

"तुझ्या आईनं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. आता बोलेल असं वाटलं. पण त्यानं ग्लास अलगद खाली ठेवला आणि म्हणाला, "मी घेत न्हाई, आबा."

धडधडीत खोटं. पण ते का बोलला हे मला कळलं. आमच्याकडे मुलगा बापासमोर बिडीसुद्धा ओढत नाही, पिणं लांबच. मी स्वतः बाप झालो तरी वडिलांसमोर बिडी काढली नाही. तेही वळणावरूनच खोकायचे, मला विझवायला वेळ मिळावा म्हणून. मीच वाढवलेलं पोर, तेच वळण. मला हे आधी सुचायला हवं होतं. आणि आता "पी" म्हणायला माझीही जीभ रेटेना.

मी उठलो. "इहिरीवरची मोटार बंद करून येतो," म्हणालो. वीज सकाळपासूनच नव्हती. त्यालाही ते माहीत होतं.

विहिरीच्या काठावर बसून राहिलो. उसात वारा शिरत होता. इतकं एकटं मला मनूच्या चितेपाशीही वाटलं नव्हतं, तिथे निदान माणसं होती. पुरेसा वेळ गेल्यावर परत निघालो आणि वळणावर मोठ्यानं खोकलो.

त्याचा ग्लास विसळून बाजेवर पालथा घातलेला होता. माझा तसाच भरलेला, वर पानाचं झाकण घातलेलं. मानसिंग पलीकडे तोंड करून उसाकडे बघत उभा होता.

कशी झालीय, एवढंच मला हवं होतं. "मनू, इचार त्याला," हे शब्द सवयीनं ओठांपर्यंत आले आणि मी स्वयंपाकघराकडे मान वळवली. दार कडी लावलेलं होतं.

"जेवायचं का?" मी विचारलं.

"जेवूया, आबा," तो म्हणाला.